पोटातली जळजळ : पित्त की जंतू?
– ऊस विकास अधिकारी



गटात फिरताना पुष्कळांच्या खिशात सोड्याची पुडी नाहीतर अ‍ॅसिडिटीची गोळी दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, पित्त आहे, जुनंच दुखणं!" पण पोटाच्या वरच्या भागात वरचेवर जळजळ, मळमळ, दोन घास खाल्ले की पोट गच्च, असे होत असेल तर मूळ जठरातील जंतूत असू शकते. पुढे त्यातून अल्सर होतो, काहींना कर्करोगही होतो.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. वॉरन व डॉ. मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढविला. लोकांना पटेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखविली! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जठरातील आम्लात हा जंतू जगतो कसा? आपण उसाला युरिया टाकतो, जमिनीतील जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हा जंतूही पोटातील युरियाचा अमोनिया करून भोवतीचे आम्ल मारतो. याच गुणावरून तो पकडता येतो. दुर्बिणीने जठराचा बारीकसा तुकडा काढून युरियाच्या द्रावणात ठेवतात. जंतू असला तर रंग बदलतो. दुसऱ्या पद्धतीत खास युरिया पाजून श्वास तपासतात. शौचाच्या तपासणीतही जंतू कळतो. नुसत्या रक्ततपासणीवर भिस्त ठेवू नये. जंतू गेला तरी रक्तात खुणा राहतात. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, नाहीतर जंतू असून दिसत नाही.

उपचारात आम्ल कमी करणारी गोळी व जोडीला दोन अँटिबायोटिक, कधी बिस्मथही, असे बहुधा १४ दिवस देतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून औषध सोडू नका. हरळीचे नुसते पान खुरपले आणि काश्या रानात राहिल्या, तर काय होते ते आपण जाणताच! उरलेले जंतू औषधालाही दाद देत नाहीत. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करावी.

सगळीच जळजळ जंतूची नसते. अंगदुखीच्या गोळ्यांनीही जठर सुजते. त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, विनाकारण वजन घटणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उसावर रोग दिसला की आपण पान घेऊन कार्यालयात येता. स्वतःच्या पोटाबाबतही तेवढीच तत्परता दाखवावी, ही विनंती.