अठराशे माणसांची ‘सिटी’

वेल्सच्या पश्चिम टोकाला सेंट डेव्हिड्स आहे. वस्ती सुमारे 1,800. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. ब्रिटनमध्ये मात्र ही ‘सिटी’! आणि दोन लाखांहून अधिक लोकसंख्येचं नॉर्थम्प्टन? ते आजही ‘टाऊन’.

लहान ते टाऊन आणि मोठी ती सिटी, ही आपली समजूत तिथे चालत नाही. तिथे सिटी हा राजाने किंवा राणीने बहाल करायचा मान आहे.

दोन्ही शब्दांची कुळंही वेगळी. टाऊन हा जुन्या इंग्रजीतल्या ‘तून’चा वंशज, त्याचा अर्थ कुंपणाने वेढलेलं आवार. नॉर्थम्प्टनच्या शेवटी आजही तोच ‘तून’ दडलेला आहे. सिटी आली लॅटिन ‘सिव्हिटास’पासून, फ्रेंचच्या वाटेने, तिचा मूळ अर्थ नागरिकांचा समाज. एकाच्या मुळाशी जागा, दुसरीच्या मुळाशी माणसं!

मग हा मान मिळे कुणाला? आठव्या हेन्रीने 1540च्या दशकात नवे धर्मप्रांत स्थापले आणि ज्या गावांत बिशपचं कॅथीड्रल आलं, ती सिटी झाली. तेव्हापासून कॅथीड्रल आणि सिटी यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली. 1889 मध्ये बर्मिंगहॅमने ती मोडली: अँग्लिकन कॅथीड्रल नसतानाही ते सिटी झालं. केंब्रिजला हा मान थेट 1951 मध्ये मिळाला.

मिळालेला मान हरवतोही. शतकानुशतकं सिटी असलेल्या रोचेस्टरचा दर्जा 1998 मध्ये प्रशासकीय फेररचनेत गेला; तो सांभाळायला विश्वस्त नेमायचेच राहून गेले होते. उलट जिब्राल्टर 1842 पासूनच सिटी असल्याचं 2022 मध्ये जुन्या दफ्तरांतून उघड झालं. मधल्या काळात अधिकृत यादीत त्याचं नावच नव्हतं!

या मानासोबत ना जादा निधी येतो, ना जादा अधिकार. तरीही 2021 मध्ये तेव्हाच्या राणीच्या राज्यारोहणाच्या सत्तराव्या वर्षानिमित्त स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा गावोगावचे अर्ज आले. मिल्टन कीन्स आणि कोलचेस्टर जिंकले, रेडिंग मागे राहिलं. म्हणून ब्रिटनमधलं एखादं गाव सिटी आहे की टाऊन, हे ठरवताना लोकसंख्या पाहू नका. राजाची सनद आहे का, ते विचारा.