परळच्या खोलींतील पिता

मुलांच्या संगोपनांत बापाचें मन कशानें रमतें? नुसत्या कर्तव्याच्या उपदेशानें तें क्वचितच रमतें, असें आम्हांस वाटतें. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या पुष्कळ कामगारांचीं मुलें एके काळीं कोंकणांत वाढत. बाप मनिऑर्डर धाडी. परंतु मूल कोणत्या धड्यावर अडलें आहे हें त्यास कोठून कळावें? माया होती, सहवास नव्हता.

सुभेदार रामजी सकपाळ यांची गोष्ट निराळी. परळच्या डबक चाळींत एका खोलींत त्यांचें सारें बिऱ्हाड होतें. पुढें डॉ. आंबेडकर म्हणून विख्यात झालेले भीमराव तेव्हां एल्फिन्स्टन हायस्कुलांत जात. रामजी मुलास लवकर निजवीत, स्वतः रात्रीं दोनपर्यंत जागत, मग त्यास अभ्यासाला उठवीत आणि आपण निजत. पुस्तकास पैसा नसला कीं लग्न झालेल्या मुलींकडे हात पसरीत, प्रसंगीं त्यांचा दागिना गहाण ठेवीत. मानी सुभेदारास हें सोपें का होतें? पण लष्करी शाळेंत त्यांनीं स्वतः वर्षानुवर्षें शिकविलें होतें. विद्येची किंमत त्यांस ठाऊक होती, आणि मुलगा रोज पुढें जात असलेला त्याच खोलींत दिसत होता. भीमराव १९०७ सालीं मॅट्रिक झाले.