गिरविणे, कित्ता आणि गमभन : वऱ्हाडातील बालवर्गांच्या संदर्भात

‘गिरविणे’ ह्या क्रियापदाने मराठीत दोन भिन्न कृतींचा बोध होतो. गुरुजींनी काढून दिलेल्या अक्षरावरूनच पुनःपुन्हा लेखणी फिरविणे ही पहिली. नमुना वर ठेवून त्याखाली स्वतः अक्षर काढणे, म्हणजेच कित्ता गिरविणे, ही दुसरी. व्यवहारात ह्या दोहोंत आपण फारसा भेद करीत नाही. परंतु लहान मुलांच्या बोटांच्या कौशल्याचा, ज्यास शिक्षणशास्त्रात सूक्ष्म कारक कौशल्य म्हणतात त्याचा, विचार करताना हा भेद निर्णायक ठरतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अमरावती व अकोला येथेही, अन्यत्रांप्रमाणेच, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती ठिपक्यांच्या अक्षरांची वही व पेन्सिल देण्याचा प्रघात पडला आहे. त्याची चिकित्सा ह्या भेदाच्या आधारे करता येईल.

प्रथम हाताचा विचार करू. मूल आरंभी खडू मुठीत धरते व हालचाल खांद्यातून करते. पुढे ती कोपरात, मनगटात व अखेरीस बोटांत उतरते. अंगठा, तर्जनी व मध्यमा ह्यांच्या चिमटीत लेखणी धरून केवळ बोटांच्या हालचालीने ती फिरविणे सामान्यतः चौथ्या ते सहाव्या वर्षांच्या दरम्यान साधते. आकृत्यांचाही असाच क्रम आहे. उभी रेघ आधी, मग वर्तुळ, चौथ्या वर्षाच्या सुमारास अधिकचे चिन्ह. तिरकस रेघांचा त्रिकोण बराच नंतर. ज्या बालकास तिरकी रेघ स्वतंत्रपणे काढता येत नाही, त्याने ठिपके जोडून ‘अ’ पुरा केला तरी तो त्याच्या हातास आला असे म्हणता येत नाही.

ही पूर्वतयारी लेखणीवाचूनही होऊ शकते, किंबहुना लेखणीवाचूनच ती अधिक चांगली होते. कापसातून सरकी वेगळी करणे आणि बोटांच्या टोकांनी वाती वळणे, पोळ्यासाठी मातीचे बैल घडविणे, रांगोळी चिमटीत धरून ती बारीक धारेने सोडणे, ही वऱ्हाडातील घरांत परंपरेने चालत आलेली कामे बोटांच्या शिक्षणाची उत्तम साधने आहेत. ठिपक्यांच्या रांगोळीत तर ठिपके असूनही मार्ग ज्याचा त्याने शोधावयाचा असतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) ह्यांच्या संसाराची काही वर्षे अमरावतीत गेली. पुढे त्यांनी बोर्डी व कोसबाड येथे माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने अशा सहज उपलब्ध वस्तूंवर बालशिक्षण उभारले, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे तत्त्व वऱ्हाडास लावावयाचे तर आरंभ कापसापासूनच करावा लागेल.

आता प्रत्यक्ष गिरविण्याकडे वळू. जुन्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मूल तीत बोटाने अक्षर काढी. पुढे आखून दिलेल्या अक्षरावरून गिरवी. आणि मग कित्ता घेऊन बोरूने कागदावर लिही. त्या शाळेच्या छडीचे समर्थन कोणी करणार नाही, परंतु तिच्या ह्या क्रमात आधार टप्प्याटप्प्याने काढून घेतला जात असे, हे लक्षात घेतले पाहिजे. रोमन शिक्षणतज्ज्ञ क्विंटिलियन ह्यानेही पहिल्या शतकात फळीवर अक्षरे कोरून त्यांच्या खाचेतून लेखणी फिरविण्याची शिफारस केली होती. अँड्र्यू बेल ह्याने मद्रासेत वाळूत बोटाने लिहिणारी मुले पाहिली, ती रीत आपल्या अनाथाश्रमाच्या शाळेत आणली आणि १७९७ साली आपल्या पद्धतीचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. माँटेसरीने खरकागदाची अक्षरे दोन बोटांनी गिरविण्यास दिली, पण पेन्सिल धरण्याचा सराव वेगळ्या साधनांनी करविला. दोन अवघड गोष्टी एकाच वेळी मुलावर लादू नयेत, हा त्यामागील हेतू होता.

केवळ गिरविण्याने काय साधत नाही, ह्यावर जेम्स व एंगेलहार्ट ह्यांच्या २०१२ सालच्या प्रयोगाने प्रकाश पडला. अद्याप वाचू न शकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून त्यांनी अक्षरे तीन रीतींनी करवून घेतली : स्वहस्ते काढून, आखलेल्या रेषेवरून गिरवून आणि टंकयंत्राप्रमाणे कळ दाबून. नंतर ती अक्षरे पाहताना वाचनाशी संबंधित असे मेंदूतील भाग केवळ स्वहस्ते काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत कार्यरत झाले. मुलांची संख्या अल्प होती व अक्षरे रोमन होती; तेव्हा देवनागरीस तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे होईल. तथापि त्याचे कारण समजण्याजोगे आहे. स्वतः काढलेले अक्षर दर वेळी थोडे वेगळे, थोडे चुकीचे येते आणि त्या वेगळेपणातूनच ‘हे सर्व एकच अक्षर’ अशी ओळख पटते. ठिपक्यांवरून चुकण्यास वावच नसतो. शिवाय भरलेल्या वहीत लेखणी कोठून निघाली व कोणत्या दिशेने गेली, हे दिसत नाही. ‘ग’चा दंड खालून वर नेणाऱ्या मुलाचे पानही तितकेच स्वच्छ दिसते. म्हणून ह्या विषयाच्या अभ्यासकांनी वह्या गोळा करण्यापेक्षा मुलाशेजारी बसावे, हे बरे.

क्रमाचा प्रश्नही येथेच उद्भवतो. आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसार रचलेली आहे. ती मुखाची व्यवस्था आहे, हाताची नव्हे. ‘अ’मध्ये दोन अर्धवर्तुळे, जोडरेघ व दंड असून लेखणी वारंवार उचलावी लागते, तरी मुळाक्षरांच्या वहीत तोच पहिला. उलट ‘गमभन’ ह्या शब्दास मराठीत कोणत्याही विद्येचा प्रारंभ असा अर्थ आला आहे. ह्या चारही अक्षरांत उजवीकडे उभा दंड आहे व डावीकडचा भागच तेवढा बदलतो. एकदा साधलेली हालचाल पुढील अक्षरास उपयोगी पडते. ‘व’, ‘ब’, ‘क’ ह्यांचेही तसेच. हा शब्द रूढ करणाऱ्यांना हाताचा क्रम ठाऊक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अक्षर गिरविताना ध्वनी उच्चारावा, हा नियम वऱ्हाडात मात्र विशेष काळजीने पाळावा लागेल. वऱ्हाडी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोया’ होते. अकोल्याकडील खेड्यातील बालक ‘ळ’ गिरविते तेव्हा त्याच्या हातास आकार मिळतो, पण कानास त्याची ओळख घरी झालेली नसते. त्याचे बोलणे चूक ठरविण्याचे येथे काहीच कारण नाही. ‘न’ व ‘य’ त्याला परिचित आहेत, तेव्हा ते आधी घ्यावेत आणि ‘ण’, ‘ळ’ गोष्टींतून व गाण्यांतून कानावर पडल्यावर गिरवावेत. मेळघाटात, धारणी व चिखलदरा तालुक्यांत, हे अंतर अधिकच वाढते. तेथील अनेक मुलांची घरची भाषा कोरकू, म्हणजे मुंडा कुलातील. ‘कमळातला क’ गिरविणाऱ्या त्या मुलास ‘कमळ’ हा शब्दच अनोळखी असतो, आणि वहीचे पान भरूनही त्याने काढलेले असते ते केवळ एक चित्र. त्याच ‘क’साठी कोरकूतील त्याच्या ओळखीचा एखादा शब्द निवडणे शिक्षिकेस अवघड नाही. त्यासाठी तिला ती भाषा थोडी तरी यावयास हवी.