खेळ आपला, सर्व्हर कोणाचा?

बहादरपूरला बसून मी ल्यूडोचा फासा टाकतो आणि जळगावचा मावसभाऊ तो त्याच क्षणी पाहतो. हे कसे घडते? दोघांच्या मध्ये सर्व्हर नावाचा पंच बसलेला असतो. जोडी लावणे, फासा टाकणे, गुण नोंदणे ही त्याची कामे. फासा खेळाडूच्याच फोनने टाकला, तर लबाडीला वाव राहतो.

मी व माझा मित्र असा एक खेळ तयार करू पाहत आहोत. त्यामुळे पंच निवडणे आलेच. मायक्रोसॉफ्टची ‘प्लेफॅब’ किंवा जर्मनीतील ‘फोटॉन’ यांसारखी सेवा भाड्याने मिळते. ‘नकामा’ ही खुली प्रणाली आपल्या सर्व्हरवर चालवता येते. मात्र मग देखभाल आपल्याच माथी!

आता जमाखर्च मांडू. भाड्याची सेवा आरंभी स्वस्त पडते. पण खेळाडू वाढले की बिल वाढते, उत्पन्न वाढेलच असे नाही. शिवाय गर्दी सांगून येत नाही. २०२०च्या टाळेबंदीत नवी मुंबईच्या ‘ल्यूडो किंग’वर खेळाडूंची झुंबड उडाली होती.

याहून मोठा धोका निराळाच. अ‍ॅमेझॉनची ‘गेमस्पार्क्स’ ही सेवा २०२२ साली बंद झाली. तिच्यावर उभ्या असलेल्या खेळांना दुसरे बिऱ्हाड शोधणे भाग पडले.

तेव्हा मित्रहो, घर घेताना भाडे सारेच विचारतात. सोडताना आपल्या खेळाडूंच्या नोंदी बरोबर नेता येतील काय, हे आम्ही आधी विचारणार आहोत.