एका मूत्रपिंडाला धमन्या किती?

मी डॉक्टर नव्हे. हमालांच्या संघटनेत हयात गेलेला आणि रात्री मिळेल ते वाचून शिकलेला माणूस. तरी या विषयावर बोलतो, याला कारण आमच्याच एका हमालाचे घर. त्याच्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आई आपले एक द्यायला निघाली. तपासणीत तिच्या डाव्या मूत्रपिंडाला दोन धमन्या आढळल्या. घरी पोचेपर्यंत या बातमीचे 'आईच्या किडनीत खोट आहे' असे झाले. बाईने अन्न सोडले. मंडळी कागद घेऊन माझ्याकडे आली.

ती खोट नव्हेच. कण्याला लागून महाधमनी खाली उतरते. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तिला दोन्ही बाजूंस एकेक फाटा फुटतो, तो मूत्रपिंडाचा. मुठीएवढे हे अवयव. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर तरी, त्यांच्याकडे जातो. हे झाले पुस्तकातले चित्र. प्रत्यक्षात साधारण चार माणसांत एकाला, एका तरी बाजूस, एकाहून अधिक धमन्या असतात. या मंडपातही असे पुष्कळ बसले असतील आणि त्यांना त्याची वार्ताही नसेल.

असे का व्हावे? गर्भात मूत्रपिंडे खाली कटिभागात तयार होतात आणि सहाव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास वर सरकतात. पंढरीच्या दिंडीला ज्या गावी मुक्काम त्या गावची भाकरी. पुढे निघाली की मागच्या गावाचा शिधा बंद. मूत्रपिंडही वर जाताना जवळचे नवे फाटे धरते, खालचे सुकून जातात. एखादा सुकायचा राहिला की धमन्या दोन होतात. कधी दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोके जुळून घोड्याच्या नालेसारखा आकार होतो. तो वाटेतच अडकतो आणि त्याला बहुधा अनेक धमन्या असतात.

मात्र या धमनीला 'जादा' म्हटले म्हणून ती फालतू समजू नये. वाफ्याचा एक पाट बंद केला तर शेजारच्या पाटाचे पाणी वळवता येते. इथे तशी सोय नाही. प्रत्येक धमनीचा तुकडा ठरलेला. ती बांधली की तेवढा तुकडा मरतो. खालच्या टोकाची धमनी तर पुष्कळदा मूत्रनलिकेलाही रक्त पुरवते. ती गेली तर रोपणानंतर लघवी पोटात झिरपू शकते. म्हणूनच दात्याच्या धमन्यांची चित्रे आधी काढतात.

1954 साली बोस्टनला जुळ्या भावांत पहिले यशस्वी रोपण झाले, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1965 साली आपल्याकडचा आरंभ झाला. पूर्वी दोन धमन्यांचा दाता सहसा टाळत. आता बर्फात ठेवलेल्या मूत्रपिंडावरच दोन्ही तोंडे शेजारी शिवून एक करतात, किंवा लहान धमनी मोठीच्या कुशीत जोडतात. वेळ अधिक लागतो, इतकेच. (गरिबाच्या किडनीचा भाव करणारे दलाल मी पाहिले आहेत. 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. आईने मुलाला देणे नव्हे.)

बाईंना मी हे सारे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "उजवीला किती?"

"एकच."

"मग ती चांगली. तीच द्या पोराला."

मग डॉक्टरांचा नियम सांगावा लागला : दोहोंत जे अधिक चांगले, ते दात्याकडेच ठेवायचे. बाईंना तो शेवटपर्यंत पटला नाही. डॉक्टरांनी डावेच काढले.