विश्लेषण : पाऊस आधी कळतो, मग पाणी का तुंबते? पालिकेतल्या तंत्रज्ञान अधिकाऱ्याचे काम नेमके काय असते?

जोराचा पाऊस सुरू झाला की शीव कोळीवाड्यातला माणूस आधी खिडकीतून गल्ली पाहतो आणि मग मोबाइलवर हार्बरची गाडी. चुनाभट्टीला रुळांवर पाणी आले की जीटीबी नगर स्थानकात उभ्या असलेल्यांना पुढचे सांगावे लागत नाही. गांधी मार्केट आणि शीवचा रोड क्रमांक २४ ही नावे दर पावसाळ्यात बातम्यांत येतात. आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारला जातो : एवढी यंत्रणा आहे, तर पालिकेला आधी कळत नाही का?

पुष्कळदा कळते. अडचण त्यानंतर सुरू होते आणि ती रोज अनुभवणारा माणूस म्हणजे सरकारी यंत्रणेतला तंत्रज्ञान अधिकारी.

२००५ मध्ये काय कमी होते?

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची २४ तासांची नोंद सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिमी झाली. कुलाब्यात ती जेमतेम ७४ मिमी होती. दोन्ही ठिकाणांत अंतर वीसएक किलोमीटरचे. मधल्या भागात कुठे किती पाऊस पडतो आहे, हे त्याच वेळी सांगणारे दाट जाळे शहरात नव्हते. डॉप्लर रडारही नव्हते. केवळ कुलाब्याचा आकडा पाहणाऱ्याला तो पावसाळ्यातला नेहमीचा दिवस वाटला असता.

त्यानंतर चित्र बदलले. महापालिकेने २००६ मध्ये स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. त्यातली अनेक यंत्रे अग्निशमन केंद्रांच्या छतांवर बसवली गेली आणि दर १५ मिनिटांनी आकडे येऊ लागले. पुढे या यंत्रांची संख्या वाढली. १२ जून २०२० रोजी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर इशारा प्रणाली सुरू झाली. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने पालिकेच्या सहकार्याने ती तयार केली. पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी, जमिनीची उंची, नाले आणि नद्या यांचा मेळ घालून कोणत्या विभागात किती पाणी साचू शकते, याचा अंदाज ती तीन दिवस आधीपर्यंत देऊ शकते.

यंत्र स्वयंचलित आहे, तर माणूस कशाला?

पर्जन्यमापकाची रचना साधी असते. वर नरसाळे आणि आत झुलणारी छोटी पन्हाळी. ठरावीक पाणी साचले की ती कलंडते, एक नोंद होते आणि आकडा मोबाइल नेटवर्कवरून पुढे जातो.

पण नरसाळ्यात पिंपळाचे एक पान अडकले, कबुतराने घाण केली, बॅटरी उतरली किंवा सिम बंद पडले, तर पडद्यावर शून्य दिसते. पाऊस नसतानाही शून्यच दिसते. यातले कोणते शून्य खरे, हे ओळखणे हा या नोकरीतला पहिला धडा. त्यासाठी शेजारच्या केंद्रांचे आकडे ताडून पाहावे लागतात, सीसीटीव्ही पाहावा लागतो आणि शेवटी ‘जरा गच्चीवर जाऊन बघता का?’ असा फोन करावा लागतो. कोट्यवधींच्या प्रणालीचा विश्वास अनेकदा या एका फोनवर उभा असतो.

सर्वाधिक वेळ कशात जातो?

बाहेरून हे काम संगणकाचे वाटते. प्रत्यक्षात ते बरेचसे फाइलचे असते. यंत्र घ्यायचे तर निविदा. ते सुरू ठेवायचे तर वार्षिक देखभालीचा करार. करार एप्रिलमध्ये संपला आणि नवा वेळेत झाला नाही, तर जूनमध्ये यंत्र गप्प बसू शकते. पाऊस मात्र निविदेसाठी थांबत नाही.

खासगी कंपनीत एखादी प्रणाली जमली नाही तर ती गुंडाळून दुसरी घेता येते. इथे प्रत्येक बदलाचे कारण लिहावे लागते. लेखापरीक्षणात ‘सर्वात कमी दराची निविदा का नाकारली?’ असे विचारले जाते आणि फाइलवरचा शेरा माहिती अधिकारात कोणीही मागू शकतो. हे योग्यच आहे, कारण पैसा करदात्यांचा आहे. मात्र त्यामुळे चांगला अधिकारी यंत्र निवडतानाच ते पाच वर्षांनी, आपली बदली झाल्यावर, कोण सांभाळेल याचा विचार करतो.

दुसरा फरक ग्राहकाचा. कंपनीला आपले ग्राहक निवडता येतात, पालिकेला येत नाहीत. ॲपवर इशारा पाठवला म्हणजे काम संपले असे होत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या, स्मार्टफोन नसलेल्या आजींपर्यंत तो पोहोचला का, हा खरा प्रश्न असतो.

इशारा चुकला तर?

२४ तासांत २०४.४ मिमीपेक्षा जास्त पाऊस म्हणजे हवामान विभागाच्या भाषेत ‘अत्यंत मुसळधार’. असा इशारा आला, शाळांना सुट्टी दिली आणि दुपारी ऊन पडले, तर टिंगल होते. इशारा दिला नाही आणि पाणी भरले, तर जीव जाऊ शकतो. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून टिंगल सोसणे हाही या कामाचा भाग ठरतो. वेळेत पंप लागले, वाहतूक वळवली, पाणी तासाभरात ओसरले, तर त्याची बातमी होत नाही.

मग पाणी अडते कुठे?

मुंबईतल्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्यांची क्षमता साधारण ताशी २५ मिमी पावसाची. ती ५० मिमीपर्यंत नेण्याची शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्येच केली होती. कामाला वेग आला तो २००५ नंतर. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नाल्यांत उलटे येते, म्हणून आठ पंपिंग स्टेशनची योजना होती. त्यातली सहा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. जागा आणि परवानग्यांच्या प्रश्नात वर्षानुवर्षे रखडलेल्या दोघांपैकी एक माहुलचे. गांधी मार्केट, शीव, वडाळा, कुर्ला या परिसराला दिलासा मिळणार होता तो याच पंपिंग स्टेशनमुळे.

म्हणजे शीव कोळीवाड्यात पाणी भरणार, हे पडद्यावर काही तास आधी दिसू शकते. ते समुद्रात ढकलणारा पंप मात्र पडद्यावरून उभा राहत नाही. त्यासाठी जमीन लागते आणि ती तंत्रज्ञान विभागाच्या हातात नसते. अधिकारी एवढेच करू शकतो : विभाग कार्यालयाला कळवणे, फिरते पंप मागवणे, रेल्वेला आणि वाहतूक पोलिसांना सावध करणे. हातातले हे काही तास वाया जाऊ न देणे, हेच त्याचे काम.

नागरिकांनी काय पाहावे?

• नुसता पावसाचा आकडा नको, भरतीची वेळही पाहा. साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आला तर धोका वाढतो.
• पाणी साचू लागताच १९१६ वर तक्रार नोंदवा. गल्लीत पर्जन्यमापक नसतो, तिथली पहिली खबर रहिवाशांकडूनच मिळते.
• पाणी तुंबल्यावर ‘आधी कळले नव्हते का?’ एवढेच विचारू नका. ‘कळल्यावर काय केले आणि पंपिंग स्टेशन कुठवर आले?’ हेही विचारा.