वारंवार होणारी डोकेदुखी : निदान व उपचार
(चेन्नईतील मराठी कुटुंबांसाठी)

डोकेदुखीचे निदान प्रामुख्याने आपण दिलेल्या माहितीवरून होते. बहुतेकांना स्कॅनची आवश्यकता नसते. आणि स्कॅनमध्ये दोष आढळला नाही म्हणजे दुखणे खोटे, असेही नव्हे. डोके कोणत्या दिवशी, किती तास व कोणत्या बाजूस दुखले, मळमळ झाली का आणि कोणती गोळी घेतली, याची नोंद वहीत ठेवावी व ती डॉक्टरांना दाखवावी. तमिळ भाषेत डोकेदुखीस ‘तलैवलि’ आणि अर्धशिशीस ‘ओट्रै तलैवलि’ म्हणतात.

तणावजन्य डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. नित्याची कामे सहसा थांबत नाहीत. अर्धशिशीत ठणका लागतो, उजेड व आवाज असह्य होतात. उपचार न केल्यास हा त्रास ४ ते ७२ तास टिकतो. उलटीनंतर बरे वाटते, म्हणून अनेक घरांत अर्धशिशीलाच ‘पित्त’ समजले जाते व योग्य उपचार वर्षानुवर्षे लांबतात. उपवास, जागरण व कडक ऊन यांमुळे ती उद्भवू शकते. मे महिन्यातील अग्निनक्षत्राच्या दिवसांत पाणी व जेवणाच्या वेळा चुकवू नयेत.

वेदनाशामक गोळी दुखणे सुरू होताच, योग्य मात्रेत घ्यावी. मात्र दिवस मोजावेत. साधी गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा संयुक्त गोळी १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास ती गोळीच डोकेदुखीचे कारण होऊ शकते. गोळीने तात्पुरता आराम मिळत असल्याने हे सहजी लक्षात येत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवावी. आरंभीचे काही दिवस दुखणे वाढते. त्याने घाबरून पुन्हा औषध-दुकान गाठू नये. अर्धशिशी वारंवार होत असल्यास ती टाळण्यासाठी रोज घ्यावयाची वेगळी औषधे उपलब्ध आहेत. दमा किंवा गर्भारपण असल्यास तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळ्यात तापासह डोके दुखल्यास डेंग्यूची शक्यता ध्यानात घ्यावी. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळावे, पॅरासिटामॉल घ्यावे आणि रक्ततपासणी करावी.

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी लवकर तपासून घ्यावी. क्षणार्धात उठलेली अतितीव्र कळ, तापासह ताठरलेली मान, हातापायांतील अशक्तपणा, अडखळती वाणी, झटके, डोक्यास मार लागल्यानंतरची गुंगी, किंवा गरोदरपणात तीव्र डोकेदुखीसह अंधूक दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास गोळीचा परिणाम होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.